ताटाची डावी बाजू



तुझ्या रिपोर्टात दोन्ही डोळ्यांची नजर 6/6 लिहिली आहे आणि तरी तुला डावीकडचं दिसत नाही, यामुळे घरात सगळेच गोंधळले आहेत. कोणी चष्मा बदलायला सांगतं, कोणी डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारतं. तुझा डोळा मुळात बिघडलेलाच नाही. एकेक डोळा हाताने झाकून बघ, उजव्या डोळ्यालाही डावीकडचंच दिसत नसल्याचं कळेल. दोन्ही डोळ्यांच्या नसांतले निम्मे धागे मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून डावीकडचं सगळं जग मेंदूच्या उजव्या भागात पोचतं. तुला मार लागला तो नेमका तिथे, डोक्याच्या मागे उजवीकडे. अशा एका बाजूचं न दिसण्याला हेमिअनोपिया म्हणतात. 1904-05च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार जाऊनही वाचलेल्या सैनिकांची नजर तात्सुजी इनौये या जपानी नेत्रवैद्याने तपासली. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली त्या रेषेवरून मेंदूचा कोणता भाग नजरेचा कोणता तुकडा सांभाळतो, हे त्याने 1909 मध्ये मांडलं. तुझ्या पेरिमेट्रीच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीच्या, कागदावरचा काळा अर्धा भाग वाचता येतो तो अशा कामामुळे.

कागदावर तो भाग काळा छापला असला तरी तुला तिथे काळं दिसत नाही. आपल्या पाठीमागे जसं काहीच दिसत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही, तसंच हे आहे. खरा धोका तोच, कारण जे हरवलं त्याची जागाही जाणवत नाही. पण आता हात लांब करून अंगठ्याचं नख बघ. धडधाकट माणसालाही एका वेळी स्पष्ट दिसतं ते साधारण एवढंच. बाकीचं जग आपण सेकंदाला दोनतीनदा नजर हलवून गोळा करतो. कडेला काही हललं की तिकडून नजरेला बोलावणं येतं आणि नजर जाते. तुझं डावीकडचं बोलावणं बंद झालं आहे, तिकडे जाण्याची ताकद मात्र शाबूत आहे. म्हणून माझं सांगणं एकच: हरवलेली बाजू परत येण्याची वाट बघत बसू नकोस, न बोलावता तिकडे जायची नजरेला सवय लाव.

तू म्हणशील, मेंदू नव्याने शिकतो असं सगळे सांगतात, मग गेलेला भागच का सुधारू नये? काही अंशी सुधारतोही. आपोआप जे परत येतं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि सहा महिन्यांनंतर फारच थोडं. स्क्रीनवरचे ठिपके टिपून दृष्टिक्षेत्र वाढवण्याचे उपचारही आहेत. पण नजर किंचितही सरकू न देता काटेकोर मोजणी केली, तेव्हा त्यांतल्या एका उपचाराचा फायदा दिसेनासा झाला. अजून संशोधन चालू आहे, ते चालू राहावं; पण त्या आशेवर घरच्यांना कर्ज काढायला लावू नकोस. नजरेने शोध घेण्याच्या सरावाचा पुरावाही फार मोठा नाही, हे मी लपवत नाही. ब्रिटनमधल्या 87 रुग्णांच्या एका चाचणीत काहींना प्रिझमचा चष्मा दिला, काहींना शोधाचा सराव. सराव करणाऱ्यांनी रोजचं जगणं सुधारल्याचं सांगितलं, तर प्रिझमवाल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना डोकेदुखीसारखे त्रास झाले. सरावाला खर्च नाही आणि इजाही नाही. मग तो का करू नये?

सुरुवात ताटापासून कर. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढायची आपली रीत आता तुझ्या उपयोगाची आहे. पहिला घास घेण्याआधी नजर थेट मिठापर्यंत नेऊन तिथून उजवीकडे यायचं. चटणी राहिली, तर नजर गेली नव्हती हे लगेच कळतं. वाचताना डाव्या समासावर पट्टी ठेव, म्हणजे ओळीचं तोंड सापडेल. शब्दांची सुरुवातही गळू शकते, आणि मराठीत एक ‘अ’ गळला की ‘अशक्य’चं ‘शक्य’ होतं. औषधाच्या चिठ्ठीवर हे परवडणारं नाही. रस्त्यावर तर जास्तच जप. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे फुटपाथवरून उतरताना पहिली गाडी उजवीकडून येते आणि ती तुला दिसते. मन निर्धास्त होतं आणि पुढचा अर्धा रस्ता तू त्याच भरवशावर ओलांडतोस. तिथे गाडी डावीकडून येते. दुभाजकाशी थांबायचंच, आणि डोळ्यांबरोबर मानही डावीकडे पुरती वळवायची.

याने थकवा येतो, हे खरं आहे. आजवर जे आपोआप होत होतं ते आता लक्ष देऊन करायचं आहे, म्हणून संध्याकाळी डोकं जड होणारच. सराव थोडा थोडा कर, पण रोज कर. सारखी मान वळवणारा माणूस विचित्र दिसेल, या संकोचाला माझ्याकडे उत्तर नाही. पण गर्दीत कोणाला धक्का लागला की ‘बघून चाला’ ऐकावं लागतंच, त्यापेक्षा ‘मला डावीकडचं दिसत नाही’ हे आधीच सांगितलेलं बरं. कॉलेजात, बसमध्ये, मित्रांना सांग. त्यांना डावीकडे नको, उजवीकडे बसव.

मोटरसायकलचं तू परत परत विचारतोस. ब्रिटनमध्ये गाडी चालवायला किमान 120 अंशांचं आडवं दृष्टिक्षेत्र लागतं, आणि अर्धं गेल्यावर उरतं ते जेमतेम नव्वद अंशांच्या आसपास. कितीही सराव केलास तरी, डावीकडून अचानक येणाऱ्या पोरासाठी तुझी नजर वेळेवर पोचेल असं मी म्हणणार नाही. सहा महिने झाले की पुन्हा पेरिमेट्री करून घे, डॉक्टरांना स्पष्ट विचार. तोवर किल्ली आईकडे दे.

तुझी,
मावशी