पडाव ठरवून चालणं

उज्जैनच्या कोठी रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांत कंबरेला पट्टा बांधलेलं कुणी ना कुणी दिसतंच. त्यातलेच हे मामा. बँकेतून निवृत्त झालेले, फ्रीगंजात घर, आणि दोन वर्षांपूर्वी खालच्या मणक्यांमधल्या गादीचं ऑपरेशन झालेलं. पायात उतरणारी कळ थांबली, कंबर मात्र दुखतेच. भाची इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. पोहे झाले, चहा झाला, आणि मामांनी विषय काढला.

मामा: एमआरआय साफ आहे म्हणतात. मग दुखतं कुठून? मी काय नाटक करतोय?

भाची: नाटक कोण म्हणालं? मामा, सरकलेली गादी नस दाबत होती, ऑपरेशननं तो दाब काढला. पायातली कळ त्यामुळं गेली. हे ऑपरेशन पायाच्या कळेला जेवढं लागू पडतं, तेवढं कंबरेच्या दुखण्याला पडत नाही. सर्जन बहुतेक वेळा हे आधी सांगतातही, पण त्या वेळी माणसाला फक्त ‘बरं वाटेल’ एवढंच ऐकू येतं. आणि तुमची नस किती दिवस दबलेली होती! तिचा चिडका स्वभाव लगेच जात नाही. टाक्यांच्या आत व्रण धरतो. मणक्याला धरून ठेवणारे आतले बारीक स्नायू ऑपरेशनच्या आधीपासूनच वाळायला लागलेले असतात. यातलं सगळंच फोटोत दिसतं असं नाही.

मामा: म्हणजे ऑपरेशन फसलं?

भाची: डॉक्टरही पूर्वी तसंच म्हणायचे, आता ते नाव मागं पडतंय. ऑपरेशन नीट होऊनही दुखणं राहतं. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण पाठीच्या ऑपरेशननंतर १० ते ४० टक्के लोकांना काही ना काही दुखणं उरतं. तीन महिन्यांच्या पुढं गेलं की त्याला जुनाट म्हणायचं.

मामा: तो बुमराह बघ. मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडला पाठीचं ऑपरेशन, ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध मैदानात!

भाची: त्याचं वय तेव्हा तिशीच्या आत, आणि दुखणं हाडावर ताण येऊन झालेलं. तुमचं नसेचं. तुम्हाला जोडीदारच हवा असेल तर केनेडी घ्या, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. १९४४ ते १९५७ या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया, तरी दुखणं होतंच. पट्टा घट्ट आवळायचे, डुलत्या खुर्चीत बसायचे, इंजेक्शनं घ्यायचे. १९६१च्या शेवटाकडं हान्स क्राउस नावाच्या डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावला. स्वतः गिर्यारोहक होता तो माणूस. दुखणं साफ गेलं असं नाही, पण पुढच्या काही महिन्यांत हालचाल बरीच सुधारली.

मामा: व्यायाम तर मीही करतो. बरं वाटलं त्या दिवशी कोठी रोडला दोन चकरा मारतो, घरी येऊन माळा आवरतो. मग चार दिवस पडून.

भाची: इथंच सगळं बिघडतं. बरं वाटलं की सगळी उधारी एकदम फेडायची, दुखलं की अंथरूण धरायचं. महिन्याचा हिशेब मांडला तर एकूण हालचाल कमीच भरते. शिवाय डोक्यात बसतं ते वेगळंच: हललो की दुखतं. मग माणूस हलायलाच घाबरतो.

मामा: मग करू काय? दुखेपर्यंत करायचं आणि दुखलं की थांबायचं, हेच तर सगळे सांगतात.

भाची: मी उलटं सांगते. थांबायचं ते घड्याळ बघून. पंचक्रोशी यात्रेचंच घ्या ना.

मामा: ती मी दोनदा केलीय. चैत्र वद्य दशमीला निघायचं. इथले लोक वैशाख म्हणतात, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो ना. पटनी बाजारात नागचंद्रेश्वराला नारळ वाहून बळ मागायचं, ११८ किलोमीटर फिरून यायचं, मग मातीचे घोडे वाहून बळ परत करायचं.

भाची: आणि पहिल्या दिवशी पाय भरभर पडतायत म्हणून कुणी पिंगळेश्वरचा मुक्काम सोडून पुढं पळतं का?

मामा: छे! पडाव ठरलेले असतात. पळणारा करोहनला पायाला फोड घेऊन बसतो.

भाची: झालं तर. तुमच्या दिवसाचे पडावही आधीच ठरलेले हवेत. वाईट दिवशीसुद्धा तुम्ही किती वेळ चालू शकता?

मामा: दहा मिनिटं. रडतखडत.

भाची: मग आठ मिनिटांपासून सुरू करा. रोज आठ, दिवसातून दोन-तीनदा. बरं वाटलं तरी आठच. आठवडाभर जमलं की नऊ. अमेरिकेत सिएटलला विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत जुनाट दुखण्याच्या रुग्णांवर हीच रीत चालवली. ठरवलेला कोटा पुरा झाला की विश्रांती. दुखलं म्हणून मिळणारी विश्रांती नव्हे, काम पुरं झालं म्हणून मिळणारी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण माझ्याकडं येणाऱ्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. विशेषतः बरं वाटत असताना थांबणं.

मामा: पण चालताना दुखतं, म्हणजे आत काहीतरी घासतंय, झिजतंय, असं नाही का?

भाची: ताज्या जखमेचं दुखणं आणि जुनं दुखणं यांची जात वेगळी. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी दुखण्याचा निरोप मेंदूकडं धाडतात, त्या महिनोन्महिने तेच काम करून तरबेज होतात. मग साध्या वाकण्याचाही निरोप त्या मोठ्यानं ओरडून देतात. १९६५मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की हा निरोप वाटेत कण्यातच कमी-जास्त होतो. गुडघा आपटला की आपण चोळतो आणि जरा बरं वाटतं, ते त्यामुळंच. झोप न झालेल्या रात्रीनंतर, चिंतेत, चिडल्यावर तोच मणका जास्त दुखतो. तेव्हा दुखणं खरं, पण दुखलं म्हणजे नवी इजा झाली, हा हिशेब जुनाट दुखण्यात दर वेळी लागू नाही.

मामा: आणि खरंच काही झालं असलं तर?

भाची: त्याची लक्षणं पाठ करून ठेवा, मामीलाही सांगा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर घड्याळ-बिड्याळ काही नाही, तडक हॉस्पिटल. रात्र असली तरी. ताप येऊन पाठ ठणकायला लागली, जखमेतून पाणी आलं, पडलात, किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तरी डॉक्टरकडं जायचं.

मामा: बरं, बसण्याचं सांग. बसल्यानं गादीवर सगळ्यात जास्त दाब येतो, असं मी वाचलंय. म्हणून मी टीव्हीही उभ्यानं बघतो.

भाची: (हसते) उभ्यानं? साठच्या दशकात स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहताना १०० धरला तर बसल्यावर १४०च्या आसपास. तोच तक्ता सगळ्या दवाखान्यांच्या भिंतीवर गेला. पण १९९९मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर ठेवून मोजलं, तर सैल बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच निघाला. माणूस एकच होता, त्यामुळं तोही शेवटचा शब्द नाही. मला विचाराल तर बसणं वाईट नाही, बसून राहणं वाईट. वीस मिनिटांनी उठा, पाणी प्या, परत बसा. इंदूरला बसनं येताना सांवेरला बस थांबते ना? तिथं खाली उतरून चार पावलं टाका. पंचावन्न किलोमीटर एका दमात कशाला?

मामा: पूजा पाटावर बसून होत नाही. चाळीस वर्षांची सवय, फार लागतं मनाला.

भाची: सध्या देव वर घ्या, तुम्ही खाली जाऊ नका. उंच चौरंग, समोर स्टूल. खाली बसणं कायमचं बंद असं मी म्हणणार नाही. तुमच्या मणक्यात स्क्रू-सळ्या नाहीत, तेव्हा पाय आणि कंबर सैल झाली की सर्जनला विचारून थोडा थोडा वेळ बसून बघू. स्क्रू असलेल्यांनी मात्र शेजाऱ्याचं बघून काही करू नये. आता मला उठून दाखवा. अंथरुणातून उठता तसं.

(मामा दिवाणावर आडवे होतात आणि श्वास कोंडून झटक्यात सरळ उठायला बघतात.)

भाची: थांबा, थांबा! आधी दोन्ही गुडघे वाकवा. आता खांदा आणि कंबर एकदम, कुशीवर. पाय दिवाणाखाली सोडा. खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा, दोन्हींनी गादी दाबा. पाय खाली जातात तसं अंग वर येतं. आणि श्वास सोडत उठा, कोंडून नाही.

मामा: अरेच्चा. चमक नाही आली.

भाची: येईलही कधी. आली तर घाबरायचं नाही. आता पाण्याचं सांगा. उन्हाळ्यात गंभीर धरण आटलं की नळ एक दिवसाआड. कोण भरतं?

मामा: मीच. नळ जायच्या आत बादल्या न्हाणीघरात न्यायला लागतात. एका हातात एक.

भाची: भरलेली बादली एका हातात म्हणजे कंबर एकीकडं ओढली जाते. रिकामी बादली आधी न्हाणीघरात ठेवायची आणि पाइप तिथंच न्यायचा. पाइप पोचत नसेल तर अर्धी बादली, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून. खेपा वाढल्या तर वाढू देत, खेप म्हणजेही चालणंच आहे.

मामा: आणि या गोळ्या? रात्रीच्या गोळीनं सकाळी गरगरतं.

भाची: नसेच्या दुखण्याची गोळी ती, काहींना गरगरतंच. पण मनानं एकदम बंद करायची नाही, डोस डॉक्टरच उतरवतील. दुसरी, ती साधी दुखण्याची गोळी मेडिकलवाल्याकडून आणून महिनेच्या महिने घेताय, ती आधी डॉक्टरांना दाखवा. पोट आणि मूत्रपिंड, दोन्हीकडं बघावं लागतं.

मामा: एवढं सगळं करून दुखणं जाईल?

भाची: जाईल असं वचन मी देत नाही. कमी होतं पुष्कळांचं. पण मी तुम्हाला रोज ‘किती दुखतंय’ विचारणारच नाही. १९८०मध्ये इंग्लंडमध्ये ऑस्वेस्ट्री नावाच्या गावातल्या मंडळींनी पाठीच्या रुग्णांसाठी दहा भागांची प्रश्नावली केली, ती आजही जगभर चालते. दुखण्याचा प्रश्न त्यात एकच. बाकीचे सगळे तुम्ही काय करू शकता याचे: कपडे स्वतः घालता का, किती वजन उचलता, किती चालता, बसता, उभे राहता, झोप कशी, प्रवास कसा, चार लोकांत जाता का. मी आज तुमची भरून घेणार, तीन महिन्यांनी पुन्हा. दुखणं सहावरून पाचवर आलं की नाही, यापेक्षा महाकालच्या रांगेत उभे राहू शकलात का, हे मला जास्त महत्त्वाचं.

मामा: महाकालच्या रांगेचं नाव नको काढू. सोमवारी गर्दी, त्यात ‘महाकाल लोक’चा नवा परिसर झाल्यापासून तर…

भाची: सोमवारी जाऊच नका. मधल्या वारी, दुपारी. घडीचं स्टूल न्या. लाज कशाची?

मामा: लोक म्हणतात, अजून दुखतंय? एवढं ऑपरेशन करून?

भाची: आणि घरचे?

मामा: तुझी मामी तर मला जागचं हलू देत नाही. चहा हातात, ताट हातात. चष्मासुद्धा तीच आणून देते.

भाची: मामी! ऐकताय ना आतून? त्याच फोर्डाइस यांनी हेही पाहिलं होतं. दुखलं की घरचे धावतात, काम केलं की कुणाचं लक्ष नसतं, मग माणूस नकळत दुखण्यातच राहतो. उद्यापासून चहा ओट्यावर ठेवायचा, मामांनी उठून घ्यायचा. कप विसळायचाही मामांनीच.

मामा: कप ठीक आहे. पण ती कढई खालच्या कप्प्यात ठेवते, ती नाही काढणार मी.

भाची: कढई वर ठेवा, मामी. आणि मामा, ती ओट्यावर आली की कांदे चिरायला उभं राहायचं. आठ मिनिटं.