साड्या किती छापाव्यात? : व्यवसायातील निर्णय आणि गणित

वाणिज्य शाखेच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ‘व्यवसाय-निर्णयासाठी संख्यात्मक पद्धती’ हा विषय अवघड वाटतो. त्याचे कारण मला गणितात दिसत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि थोडीशी संभाव्यता एवढे ज्याला येते त्याला या विषयाचा पाया समजण्यास हरकत नसावी. खरी अडचण वेगळीच आहे. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात आकडे दिलेले असतात. पेढीवर किंवा कारखान्यात ते कोणी देत नाही. ते आपणच शोधावे लागतात, आणि कोणता आकडा हिशेबात धरायचा व कोणता सोडायचा हे ठरविताना निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. ही गोष्ट मी सुरतेच्या उदाहरणाने मांडणार आहे.

सुरत मी मुद्दाम निवडली. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात ज्यांचे घर आहे त्यांना यंत्रमागाचा खडखडाट नवा नाही. तोच धंदा सुरतेत फार मोठ्या प्रमाणावर चालतो. मागावरून उतरलेले कोरे कापड पांडेसरा भागातील कारखान्यांत रंगविण्या-छापण्यासाठी जाते आणि तेथून रिंग रोडवरील कापडबाजारात येते. या फेऱ्यात बराच काळ जातो. म्हणून दिवाळीला किती साड्या खपतील हे कळण्यापूर्वीच, किती छापायच्या हे व्यापाऱ्याला ठरवावे लागते. आमच्या शास्त्राचा आरंभच येथे होतो : निर्णय आधी, माहिती मागाहून.

१) साडीचा हिशेब

समजण्यापुरते काही कल्पित आकडे घेऊ. एका नमुन्याच्या साडीला व्यापाऱ्यास ३०० रुपये खर्च येतो. ती ठोक भावाने ४०० रुपयांस जाते. हंगामानंतर उरलेली साडी पडेल भावाने २४० रुपयांस काढावी लागते. म्हणजे साडी कमी पडली तर दर नगामागे १०० रुपयांचा नफा हुकतो आणि उरली तर दर नगामागे ६० रुपयांचा तोटा होतो.

आता मागणी पाहू. व्यापाऱ्याने मागल्या १० वर्षांच्या वह्या काढल्या. २ वर्षे मागणी १,००० साड्यांची होती, ३ वर्षे १,२०० ची, ३ वर्षे १,४०० ची आणि २ वर्षे १,६०० ची. याची सरासरी १,३०० येते. पुष्कळांचा कल सरासरीइतका माल ठेवण्याकडे असतो. पण हिशेब करून पाहू.

१,४०० साड्या छापल्या असे धरा. मागणी १,००० निघाली तर १,००० साड्यांवर १ लाख रुपये नफा, त्यातून उरलेल्या ४०० साड्यांचे २४,००० वजा. हाती ७६,००० रुपये. मागणी १,२०० निघाली तर १,०८,००० रुपये. मागणी १,४०० किंवा त्याहून अधिक निघाली तर १,४०,००० रुपये. या तीन रकमांना अनुक्रमे १० पैकी २, ३ आणि ५ या शक्यतांनी गुणून बेरीज केली की अपेक्षित नफा १,१७,६०० रुपये येतो. याच रीतीने १,००० साड्यांसाठी १,००,०००, १,२०० साठी १,१३,६०० आणि १,६०० साठी १,१२,००० रुपये येतात. तेव्हा चारांत १,४०० हा आकडा सर्वांत लाभाचा.

एवढा खटाटोप न करताही उत्तर काढता येते. हुकणारा नफा १०० आणि उरण्याचा तोटा ६०. १०० ला १६० ने भागा, ०.६२५ येतात. ‘मागणी यापेक्षा जास्त नसेल’ ही शक्यता ज्या आकड्याला प्रथम ०.६२५ पर्यंत पोहोचते किंवा ओलांडते, तेवढा माल ठेवावा. १,२०० ला ही शक्यता ०.५ आहे, १,४०० ला ०.८. म्हणून १,४००. पुस्तकांत याला वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण उरलेले वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीच होते. या विचाराचे मूळ जुने आहे. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी या प्रश्नाला एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली हीच दृष्टी लावली होती.

२) एक आकडा बदलला तर

आता समजा, नमुना झटकन जुना होणारा आहे आणि उरलेली साडी २४० ऐवजी १०० रुपयांसच जाते. उरण्याचा तोटा नगामागे २०० झाला. १०० ला ३०० ने भागले की ०.३३ येतात आणि उत्तर १,२०० वर उतरते. ग्राहक तेच, मागणीही तीच. बदलली ती फक्त उरलेल्या मालाची किंमत. म्हणून ‘किती खपेल?’ एवढेच विचारणारा व्यापारी अर्धाच प्रश्न विचारतो. ‘चूक झाली तर कोणत्या बाजूची चूक किती महाग पडेल?’ हा उरलेला अर्धा प्रश्न होय.

शिवाय सरासरी एक गोष्ट झाकून ठेवते. याच दुसऱ्या नमुन्याच्या १,६०० साड्या छापल्या आणि मागणी १,००० निघाली, तर नफा दूरच, पदरचे २०,००० रुपये जातात. भक्कम भांडवलाचा व्यापारी हे सोसेल. कर्जावर माल उचलणाऱ्याला पुढच्या हंगामाची सरासरी पाहायला बाजारात राहताच येणार नाही. सतराव्या शतकात तांबड्या समुद्राकडे माल पाठविणारे व्यापारी सगळा माल एकाच जहाजात भरीत नसत, त्यामागेही हाच विचार होता.

३) तेच गणित, मोठा प्रश्न

याच शहराच्या बाबतीत असाच, पण कितीतरी भारी प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. खानदेशातून वाहत येणाऱ्या तापीवर, सुरतेच्या वरच्या बाजूस, १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आहे. त्याची पूर्ण भरण्याची पातळी ३४५ फूट. धरण भरून ठेवावे, तर कालव्यांना पाणी मिळते आणि ३०० मेगावॉट क्षमतेच्या संचांना वीज करता येते. पुरासाठी जागा मोकळी ठेवावी, तर पाऊस रुसला की पाणी कमी पडते. भरलेले ठेवले आणि वरून पूर आला, तर ते पाणी शहरावर सोडावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग गेला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली बुडाला. माणसे दगावली, घरे आणि कारखाने चिखलाने भरले. त्यावर पुष्कळ वाद झाला. त्यात शिरण्याचा माझा हेतू नाही. मला येथे फक्त प्रश्नाची रचना दाखवायची आहे.

ती साडीचीच आहे. जागा मोकळी ठेवून पूर आला नाही तर होणारा तोटा १ धरा आणि जागा न ठेवता पूर आला तर होणारा तोटा ९९ धरा. मग पुराची शक्यता शेकडा १ हून अधिक असली की जागा मोकळी ठेवणेच हिताचे ठरते. म्हणजे बहुतेक वर्षी ‘उगाच पाणी सोडले’ असे लोक म्हणतील, आणि तरीही तो निर्णय बरोबरच असेल. एका वर्षाच्या फळावरून निर्णयाची परीक्षा करू नये, हा या विषयातला मोठा धडा मला वाटतो.

पण ९९ हा आकडा कोणी ठरवायचा? साडीच्या प्रश्नात नफा आणि तोटा एकाच माणसाच्या वहीत पडतात. धरणाच्या प्रश्नात पाण्याचा लाभ कालव्याकाठच्या शेतकऱ्याला आणि पुराचा तडाखा नदीकाठच्या वस्तीला. तेथे ९९ ऐवजी ९ धरले, तर गणित चुकणार नाही. उत्तर मात्र पार बदलेल. खोलात पाहिले तर साडीचा हिशेबही तितका एकट्याचा नाही. व्यापाऱ्याने १,४०० ऐवजी १,२०० साड्या मागविल्या की कुठेतरी माग थांबतो आणि ओडिशातून किंवा खानदेशातून आलेल्या कामगाराची मजुरी बुडते. तो आकडा व्यापाऱ्याच्या हिशेबात कोठेच नसतो.

४) अभ्यास कसा करावा

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. सूत्र पाठ करण्यापूर्वी कागदाच्या दोन बाजू करा. एका बाजूला ‘जास्त झाले तर’, दुसऱ्या बाजूला ‘कमी पडले तर’ लिहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाच्या पदरी पडतो हेही लिहा. मग गणित करा. उत्तर आल्यावर ज्या आकड्याची खात्री कमी वाटते तो थोडा बदलून पुन्हा गणित करा. उत्तर हलले नाही, तर निश्चिंत राहा. हलले, तर तो आकडा नीट शोधण्यात वेळ घाला. संगणक हे काम क्षणात करतो, पण कागदाच्या दोन बाजू त्याला आखता येत नाहीत.

सरावासाठी सुरतेलाच जायला पाहिजे असे नाही. ओळखीच्या एखाद्या विणकराकडे, बेकरीवाल्याकडे किंवा फुलवाल्याकडे जा. मागल्या दोन महिन्यांत किती माल केला, किती खपला, उरलेल्याचे काय झाले हे विचारा, आणि वर दिलेला भागाकार करून पाहा. तुमचे उत्तर आणि त्याचा रोजचा अंदाज यांत फरक पडला, तर लगेच त्याला शिकवायला जाऊ नका. तुमच्या कागदावर नसलेला एखादा खर्च त्याच्या मनात असतो. तो विचारून घ्या आणि हिशेबात मांडा.