नाव तुमचं, नोंद दुसऱ्याची

पुण्यात किंवा नाशकात भाड्याचं घर घेताना अकरा महिन्यांचा करार होतो, पोलीस पडताळणीचा कागद जातो, एजंटची दलाली दिली की किल्ली हातात पडते. अमेरिकेत अर्जासोबत फी भरली की एक कंपनी तुमचा मागचा सगळा हिशेब काढते: क्रेडिट, घर खाली करून घेण्यासाठी कोर्टात झालेले दावे, गुन्हे, थकलेली भाडी. या टेनंट स्क्रीनिंग रिपोर्टवर घर मिळणार की नाही ते ठरतं. इथे न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना आणि कुटुंबांना घर मिळवून देण्याच्या खटपटीत मी बरीच वर्षं आहे. रिपोर्टमधल्या एका चुकीच्या ओळीपायी चांगल्या पगाराची, वेळच्या वेळी भाडं भरणारी माणसं मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून राहिलेली मी पाहिली आहेत. कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटत होती. मला ते बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१. लीजिंग ऑफिसात वाद घालू नका, कंपनीचं नाव घ्या.

काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘सिस्टिमने नाकारलं.’ ती खरंच सांगत असते. तिच्यासमोर फक्त निकाल असतो आणि तो बदलणं तिच्या हातात नसतं. तिच्याकडून एकच गोष्ट हवी: रिपोर्ट कुठल्या कंपनीने दिला, त्याचं लेखी पत्र. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार रिपोर्टमुळे अर्ज नाकारला तर कंपनीचं नाव, पत्ता आणि फोन कळवणं घरमालकावर बंधनकारक आहे. घर दिलं, पण रिपोर्टकडे बोट दाखवून डिपॉझिट वाढवलं किंवा जामीनदार मागितला, तरी हाच नियम लागू होतो. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ते मुकाट्याने जास्तीचे पैसे भरतात. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत मागितला तर कंपनीला संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो.

२. पहिलं पान नावासाठी वाचा.

घर खाली करण्याच्या दाव्यांच्या कोर्टातल्या नोंदींत बहुधा नाव आणि पत्ता एवढंच असतं. जन्मतारीख नसते, सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. कंपनी नावावरून जुळवाजुळव करते आणि आपलं घोडं तिथेच पेंड खातं. जर्सी सिटीत किंवा डॅलसच्या उपनगरांत पाटील, जोशी, शिंदे किती असतील याचा विचार करा. त्यात एका लीजवर वडिलांचं नाव येतं, दुसऱ्यावर गळतं. लग्नानंतर कुणी आडनाव बदलतं, पण पासपोर्टवर जुनंच राहतं. आपल्या सवयीने ०४/०३ लिहिलेली ४ मार्चची जन्मतारीख इथे ३ एप्रिल म्हणून वाचली जाते.

नाशिकच्या एका मुलाच्या रिपोर्टमध्ये टेक्सासमधल्या एका काउंटीतला २०१६ चा दावा निघाला. हा पठ्ठ्या त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या परीक्षा देत होता. अमेरिकेत पहिलं पाऊल ठेवलं ते २०१९ मध्ये. आम्ही त्या काउंटीच्या कोर्टाच्या कारकुनाकडून मूळ दाव्याची प्रत मागवली. आडनाव तेच, पहिलं नाव तेच, मधलं नाव वेगळं. प्रतीबरोबर त्याचा आय-९४ प्रवेश इतिहास आणि त्या वर्षीची गुणपत्रिका जोडून पाठवली. नोंद निघाली. गुणपत्रिका आईने नाशिकहून रात्री स्कॅन करून पाठवली होती, तीही मुलाने कशाला हवी आहे ते न सांगता मागवलेली.

हे एकट्यादुकट्याचं नशीब नाही. नावांची ढिसाळ जुळवणी करून भाडेकरूंच्या माथी दुसऱ्यांचे गुन्हे मारल्याच्या आरोपावरून रिअलपेज या कंपनीला २०१८ मध्ये ३० लाख डॉलर भरावे लागले.

३. तक्रार लेखी करा, आणि सगळे कागद एकदम पाठवा.

फोनवर ‘नोट केलं आहे’ ऐकून समाधान मानू नका. पत्र छोटं असावं: अमुक पानावरची, अमुक केस नंबरची नोंद माझी नाही, कारण हे, पुरावे सोबत आहेत, नोंद काढून टाका आणि निकाल लेखी कळवा. राग, अपमान, झालेला मनस्ताप यातलं काहीही त्यात नको. ते सगळं खरं असतं, पण तपासणाऱ्याला केस नंबर लागतो. पत्र सर्टिफाइड मेलने, पोच मागून पाठवा. कंपनीच्या वेबसाइटवरून तक्रार केली तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

तक्रार मिळाल्यापासून कंपनीला ३० दिवसांत फुकट फेरतपासणी करावी लागते. ज्याने माहिती पुरवली त्याला कामाच्या ५ दिवसांत कळवावं लागतं. माहिती चुकीची निघाली किंवा खरी असल्याचं ठरवता आलं नाही, तर ती दुरुस्त करावी किंवा काढावी लागते. मात्र ३० दिवस चालू असताना तुम्ही नवा कागद पाठवलात तर मुदत आणखी १५ दिवस वाढू शकते. म्हणून मी सांगते, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण गठ्ठा पूर्ण करूनच पाठवा.

एवढ्या वेळात ते घर दुसऱ्याला गेलेलं असतं. कायदा नोंद दुरुस्त करतो, घर राखून ठेवत नाही. म्हणून घर शोधायच्या आधीच रिपोर्ट मागवावा. देशभर भाड्याचा इतिहास ठेवणाऱ्या कंपन्यांना बारा महिन्यांतून एकदा मागणाऱ्याला तो फुकट द्यावा लागतो.

४. दावा दाखल होणं वेगळं, हरणं वेगळं.

एका जोडप्याचा भाड्याचा चेक ऑफिसात दुसऱ्याच युनिटच्या खात्यावर जमा झाला. ऑफिसने न विचारता दावा ठोकला, चूक कळल्यावर मागे घेतला. रिपोर्टमध्ये फक्त दाखल झाल्याची तारीख आली. निकालाची जागा कोरी. नवा घरमालक कोरी जागा कशी वाचणार, ते सांगायला नको. यावर उपाय एकच: कोर्टाच्या कारकुनाकडून दावा निकाली निघाल्याची प्रमाणित प्रत घ्या आणि तक्रारीला जोडा. अपुऱ्या निकालांच्या याच प्रश्नावरून ट्रान्सयुनियन आणि तिची भाडेकरू तपासणी करणारी कंपनी यांच्यावर सरकारी कारवाई झाली आणि २०२३ मध्ये एकूण दीड कोटी डॉलरवर मिटली.

दिवाणी दावे साधारणपणे सात वर्षांनंतर रिपोर्टमध्ये येता कामा नयेत. जुनी नोंद दिसली तर आधी तारीख मोजा. बाकी वाद घालायची गरजच पडत नाही.

५. रूममेट निवडताना लीजवर सही कुणाची, ते बघा.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते इथे. चौघांनी एकत्र सही केलेल्या लीजमध्ये बहुधा प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. एक जण नोकरी लागून मध्येच निघून गेला आणि भाडं थकलं, तर थकबाकी चौघांच्याही नावावर चढते. ही नोंद चुकीची नसते, त्यामुळे तक्रारीने निघत नाही. जाणाऱ्याचं नाव लीजमधून काढल्याची दुरुस्ती ऑफिसकडून सहीनिशी घ्या. व्हॉट्सॲपवरच्या ‘मी बघतो रे’ला घरमालकाच्या दारी किंमत नाही.

६. चूक आणि वाद यांत फरक करा.

कार्पेट बदलण्याचे पैसे तुमच्यावर लावले आणि तुम्हाला ते मान्य नाहीत, तर तो वाद आहे. स्क्रीनिंग कंपनी घरमालकाला विचारेल, तो ‘बरोबर आहे’ म्हणेल, नोंद तशीच राहील. हा वाद घरमालकाशीच मिटवावा लागतो. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत, कापलेल्या रकमेच्या तपशिलासह परत द्यावं लागतं. नाही दिलं तर कोर्ट अडवून ठेवलेल्या रकमेच्या दुप्पट देववू शकतं. थकबाकी वसुली एजन्सीकडे गेली असेल तर तिचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. मग पडताळणी देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. ‘जाऊ दे, भरून टाकू’ हा आपला नेहमीचा मार्ग, पण पैसे भरले म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही. भरायचेच असतील तर नोंद मागे घेण्याचं आधी लेखी कबूल करून घ्या.

फेरतपासणीनंतरही नोंद राहिलीच, तर तुमची बाजू मांडणारं छोटं निवेदन रिपोर्टला जोडायचा हक्क तुम्हाला आहे. तो जरूर वापरा. सीएफपीबी या केंद्रीय ग्राहक संस्थेकडेही तक्रार करता येते.

७. नोंद निघाली तरी काम बाकी असतं.

दुरुस्त रिपोर्ट मागवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मागच्या सहा महिन्यांत ज्यांना जुना रिपोर्ट गेला त्यांना दुरुस्ती कळवा, असं कंपनीला लेखी सांगा. तुम्ही मागितलं तर ते त्यांना करावं लागतं. कोर्टाची तीच नोंद दुसऱ्या कंपन्यांनीही उचललेली असू शकते, म्हणून निकालाचं पत्र जपा आणि तिथेही तेच कागद पाठवा.

आणि भारतात परतणाऱ्यांनो, किल्ली देताना ऑफिसकडून खात्याचा उतारा आणि बाकी शून्य असल्याचं पत्र घ्या, रिकाम्या खोल्यांचे तारखेसह फोटो काढा, पुढचा पत्ता म्हणून इथल्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा पत्ता लिहून द्या. वसुलीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि चार वर्षांनी पुन्हा व्हिसा घेऊन आल्यावर, दोन लहान मुलांना घेऊन हॉटेलात उतरलेलं असताना, ती थकबाकी पहिल्यांदा समजते.