सामाजीच्या पणतूस

ठाणे

चि. शमुवेल,

अशदोदहून तुझ्या आत्याचा फोन आला. म्हणाली, तू नाव बदलायचा अर्ज भरतोयस. शमुवेल काढून 'रॉन' लावणार. तिथे इस्रायलात कारखान्यातली पोरं म्हाताऱ्याचं नाव म्हणून हसतात म्हणे. खरं का हे? आत्याला राईचा पर्वत करायची खोड आहे, म्हणून तुलाच विचारतो.

अरे, हसणाऱ्यांना या नावाचा प्रवास तरी ठाऊक आहे का? अरबांनी त्याचं समवाल केलं आणि त्या नावाचा एक यहुदी कवी दिलेला शब्द पाळण्याबद्दल त्यांच्या म्हणीत जाऊन बसला. रशियात समुइल, इटलीत सामुएले, फिनलंडात सामुली. आणि कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या यहुदी तेल्यांनी 'जी' लावून सरळ सामाजी करून टाकला! सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले म्हणतात. १७९६ साली मुंबईत आपल्या लोकांची पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, त्यांनी उभी केली. मांडवीतली सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. असलं नाव तू एका अर्जावर खोडणार?

बायबलातल्या हन्नाची गोष्ट तुला लहानपणी पाठ होती. देवाकडे मागून घेतला म्हणून तिने पोराचं नाव शमुवेल ठेवलं. पंडित म्हणतात, 'मागितलेला' हा अर्थ शौल या नावाला जास्त शोभतो. शमुवेलात 'देवाचं नाव' आहे. असेल. मला त्यातलं एवढंच आठवतं, की पोर शिलोच्या मंदिरात एली याजकापाशी ठेवल्यावर ती दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. दर वर्षी माप वाढवून.

माझ्या बापाला अख्खं गाव सामाजी म्हणायचं. मला ते गावंढळ वाटे. माझ्या लग्नपत्रिकेवर मी हट्टाने त्यांचं नाव 'एस. पेणकर' छापून घेतलं. पत्रिका हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "छपाई चांगली आहे." तुझं नाव त्यांच्यावरून मीच सुचवलं, ते यामुळे.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. पोरं नुसती नावालाच हसतात ना? की तुझ्या रंगाला, बोलण्याला? तसं असेल तर नाव बदलून काय होणार? तुझ्या आईला सांगू नकोस हवं तर, मला सांग. जेवण वेळेवर घेतोस ना? आत्याकडे शुक्रवारी जात जा, ती तोंडाने फटकळ असली तरी आंबट वरण तुझ्यासाठीच करते.

रॉन वाईट नाव नाही, छोटंसं आहे. ठेवायचंच ठरवलंस तर शब्बाथ सुटल्यावर फोन कर आणि आधी मला सांग. मला बोलायची सवय करावी लागेल, चारदा चुकेन.

तुझा,
आजोबा