फळीतल्या गड्याने धरलेली शेती

लाइनमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजेच्या खांबावर चढणारा माणूस उभा राहतो. अमेरिकेत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तेथील फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या बाजूच्या पहिल्या फळीत जे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्यांना 'ऑफेन्सिव्ह लाइनमन' म्हणतात. अशाच एका गड्याने, श्री. जेसन ब्राऊन यांनी, तिशीच्या आत व्यावसायिक खेळ सोडला आणि शेती धरली. त्यापूर्वी त्यांनी स्वतः कधी शेती केलेली नव्हती. त्यांच्या वाटचालीतून आपणास काय घेता येईल आणि काय घेऊ नये, याचा विचार या लेखात केला आहे.

फळीतील गड्याचे काम

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या बाजूने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड, म्हणजे ३० फूट, पुढे सरकावयाचे असते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पळणारा, चेंडू झेलणारा आणि फेकणारा यांची नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात. फळीतील पाच गड्यांचे काम वेगळे असते. समोरून धावून येणारा गडी अडविणे, चेंडू फेकणाऱ्याला सांभाळणे आणि पळणाऱ्यासाठी वाट करून देणे, एवढेच त्यांनी करावयाचे. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभाही त्यांना सहसा नसते. चूक झाली की मात्र त्यांचा क्रमांक मैदानभर पुकारला जातो.

या पाचांतील मधल्याला सेंटर म्हणतात. तो वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या गड्याला भिडतो. शिवाय प्रतिपक्षाची मांडणी ओळखून कोणी कोणाला अडवायचे हे तो आपल्या साथीदारांना ओरडून सांगतो. म्हणजे कामात ताकद आहे तशीच बुद्धीही आहे. श्री. ब्राऊन हे सेंटर होते. उंची ६ फूट ३ इंच, वजन ३२० पौंड, म्हणजे सुमारे १४५ किलो.

निवड, करार आणि मोबदला

तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. या निवडीच्या सात फेऱ्या असतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळलेले श्री. ब्राऊन यांना २००५ साली बाल्टिमोर रेव्हन्स या संघाने चौथ्या फेरीत घेतले. फार गाजावाजा न होता त्यांनी आपली जागा पक्की केली. २००९ साली पहिला करार संपताच, त्या वेळी सेंट लुईस येथे असलेल्या रॅम्स संघाने त्यांच्याशी पाच वर्षांचा ३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. त्यांपैकी २ कोटी डॉलर हमीचे होते. त्या वेळी हे सर्वांत अधिक मोबदला घेणारे सेंटर ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा करारातील मोठा आकडा म्हणजे हाती आलेले पैसे नव्हेत. हमीची रक्कम सोडल्यास संघ केव्हाही खेळाडूला मोकळे करू शकतो. संघाची कामगिरीही खालावलेली होती. २००९ साली रॅम्सने १६ पैकी एकच सामना जिंकला, तर २०११ साली दोन. मार्च २०१२ मध्ये, कराराची दोन वर्षे बाकी असताना, संघाने श्री. ब्राऊन यांना मोकळे केले. आपल्याकडेही उभ्या पिकाचा अंदाज आणि पट्टीची रक्कम यांत अंतर असतेच. ज्यांनी अंदाजावर कर्ज काढले, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

शरीराची झीज

या खेळातील कारकीर्द अल्पकाळाची असते. खेळाडूंच्या संघटनेच्या मते सरासरी सव्वातीन वर्षांच्या आसपास. श्री. ब्राऊन सात हंगाम खेळले. फळीतील गड्याला जवळजवळ प्रत्येक डावात टक्कर घ्यावी लागते. गुडघे, पाठ व खांदे झिजतात, आणि डोक्याला बसणारे लहान लहान धक्के साठत जातात.

याचे दुःखद उदाहरण म्हणजे माइक वेबस्टर. तेही सेंटर होते, आणि विस्कॉन्सिन राज्यातील बटाटा पिकविणाऱ्या शेतावर वाढलेले होते. १९७४ ते १९९० असे १७ हंगाम ते खेळले आणि पिट्सबर्ग संघाबरोबर चार अजिंक्यपदे मिळविली. निवृत्तीनंतर मात्र स्मरणशक्ती ढासळली, पैसा गेला, कधी कधी स्वतःच्या गाडीत झोपण्याची वेळ आली. २००२ साली वयाच्या ५० व्या वर्षी ते वारले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूची तपासणी करून वारंवारच्या आघातांनी झालेला विकार दाखवून दिला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे श्री. ब्राऊन व्यावसायिक खेळात उतरले त्याच वर्षी.

श्री. ब्राऊन यांनी आपल्या निर्णयाचे जे कारण सांगितले आहे, ते श्रद्धेचे व सेवेचे आहे. त्यांचे थोरले बंधू सैन्यात होते आणि २००३ साली इराकमध्ये वयाच्या २७ व्या वर्षी मारले गेले. स्वतः २७ वर्षांचे झाल्यावर, हाताशी भरपूर पैसा असताना, भावाने या वयापर्यंत काय दिले आणि आपण काय देत आहोत, हा प्रश्न त्यांना पडला. रॅम्सने मोकळे केल्यानंतर इतर संघ त्यांना घेण्यास तयार होते. त्यांच्या प्रतिनिधीने, ही तुमच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक आहे, असे सुनावले. तरीही त्यांनी निर्णय बदलला नाही.

रानाकडे

नॉर्थ कॅरोलायना या आपल्या राज्यात लुईसबर्ग गावाजवळ त्यांनी सुमारे १,००० एकर, म्हणजे ४०० हेक्टर जमीन घेतली. शेताचे नाव 'फर्स्ट फ्रूट्स फार्म', म्हणजे पहिल्या उपजेचे शेत. प्रत्येक हंगामातील पहिली उपज गरजूंना द्यावयाची, असा संकल्प त्यांनी सोडला. शेतीचे ज्ञान कोठून मिळविले, असे विचारले असता त्यांनी सरळ सांगितले की, इंटरनेटवरील चित्रफिती पाहिल्या आणि इतर शेतकऱ्यांना विचारले.

२०१४ सालच्या शरदात रताळ्याचे पहिले पीक निघाले. एक लाख पौंड, म्हणजे सुमारे ४५ टन रताळी त्यांनी अन्नदानासाठी दिली. शिवाय १० हजार पौंड, म्हणजे साडेचार टन काकडीही दिली. तेथील रताळ्याचे उत्पादन एकरी ८ ते ९ टन धरले, तर ४५ टन रताळी पाच-सहा एकरांतच येतात. हजार एकरांच्या मालकाच्या पहिल्या पिकाचा हा हिशेब विचार करण्याजोगा आहे.

रताळेच का?

आपण रताळे एकादशीला आणि महाशिवरात्रीला खातो. अमेरिकेत नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंग या सणाला ते ताटात लागतेच. नॉर्थ कॅरोलायना हे १९७१ पासून त्या देशातील रताळ्याचे अग्रेसर राज्य आहे. देशातील साधारण निम्मी रताळी येथून येतात. पूर्व भागातील हलकी, पोयट्याची, निचऱ्याची जमीन आणि लांब उबदार हंगाम या पिकाला मानवतो. तेथील राज्य विद्यापीठाने २००५ साली प्रसारित केलेली 'कोव्हिंग्टन' ही जात आज त्या राज्यात सर्वाधिक लावली जाते.

लागवडीची पद्धत थोडी वेगळी आहे. आपण वेलांचे तुकडे लावतो. तेथे हिवाळ्याच्या थंडीत वेल टिकत नाही, म्हणून बेण्याची रताळी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाफ्यात पुरतात. त्यांना फुटलेले कोंब कापून मे-जूनमध्ये वरंब्यावर लावतात. तीन ते चार महिन्यांत पीक तयार होते आणि थंडी पडण्यापूर्वी काढणी उरकतात.

साल नाजूक असल्याने यंत्राने वरंबा उकरला तरी वेचणी हातानेच करावी लागते. काढल्यानंतर रताळी चार ते सात दिवस सुमारे २९ अंश सेल्सिअस तापमानात व ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्यामुळे काढणीच्या जखमांवर नवी साल धरते आणि गोडीही वाढते. पुढे १३ ते १५ अंश तापमानात ती कित्येक महिने टिकतात. याहून अधिक थंडीत ठेवल्यास आतून खराब होतात, म्हणून रताळे फ्रीजमध्ये ठेवू नये. अन्नदानासाठी हे पीक सोयीचे का, हे यावरून कळेल. पोट भरते, लांब पाठविता येते आणि दुसऱ्या दिवशी नासत नाही. काकडीचे तसे नाही, ती काढली की लगेच वाटावी लागते.

सरव्याची ताकद

मोठी अडचण होती माणसांची. ४५ टन रताळी हाताने वेचणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. शेजारचे शेतकरी मदतीस आले. 'सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू' ही १९७९ पासूनची संस्था शेतात राहिलेला माल गोळा करून गरजूंना पोहोचविते. तिच्यामार्फत स्वयंसेवक आले. आपल्याकडे याला सरवा वेचणे म्हणतात. बाजाराला एकसारखा, मध्यम आकाराचा माल हवा असतो. फार मोठे, फार लहान किंवा वेडेवाकडे रताळे खाण्यास उत्तम असूनही शेतात राहते. तेथे सरव्याला संघटनेची जोड मिळाल्याने हा माल ताटापर्यंत जातो.

आपण काय घ्यावे

१. उत्पन्न जोरात असतानाच पुढची तजवीज करावी. श्री. ब्राऊन जमीन घेऊ शकले, कारण खेळातील पैसा त्यांनी उधळला नव्हता. एखाद्या वर्षी कांद्याला किंवा द्राक्षाला चांगला भाव मिळाला, तर तो दरवर्षीचा समजून खर्च वाढवू नये. निदान एका हंगामाचे भांडवल बाजूला ठेवावे.

२. पीक निवडताना जमीन व हवामान पाहावे. त्यांनी त्या भागात रुजलेले, शेजाऱ्यांना माहीत असलेले पीक घेतले. त्यामुळे अडले तेथे विचारता आले.

३. नवे पीक थोड्या क्षेत्रावर करून पाहावे. जमीन कितीही असली तरी शिकण्यासाठी पहिल्या वर्षी काही गुंठे पुरतात.

४. चित्रफिती जरूर पाहाव्यात, पण चित्रफीत बनविणाऱ्याची जमीन आपली नसते. माती परीक्षण करून घ्यावे. खताची व औषधाची मात्रा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावी.

५. प्रतवारीत मागे पडलेला माल कुजू देऊ नये. खाण्यास योग्य असेल तो गावातील आश्रमशाळा, वसतिगृह किंवा गरजू कुटुंबांना द्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्री. ब्राऊन यांच्यापाशी खेळातून मिळालेले मोठे भांडवल होते, म्हणून विक्रीचे उत्पन्न नसतानाही ते तग धरू शकले. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याने पहिले पीक वाटून टाकावे, असा या उदाहरणाचा अर्थ नाही. नोकरी सोडून शेतीत उतरू पाहणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे. उत्साहाने शेती सुरू होते, पण दोन हंगाम वाईट गेल्यावर ती टिकते ती हाताशी असलेल्या शिलकीवर.

फळीतल्या गड्याने आयुष्यभर वाट करून दिली आणि धावा दुसऱ्याच्या नावावर लागल्या. शेतातही असेच आहे. पट्टी शेतकऱ्याच्या नावाने निघते, पण खुरपणी करणाऱ्या, वेल कापणाऱ्या आणि माल वेचणाऱ्या बाया-माणसांचे नाव कोठे येत नाही. यंदा पट्टी हाती पडली की आधी त्यांची मजुरी चुकती करावी आणि घरी नेण्यास चांगला मालही द्यावा. पहिल्या उपजेचा एवढा वाटा आपल्यापैकी प्रत्येकाला परवडण्याजोगा आहे.