धार काढण्यापूर्वी आणि नंतर

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाचे एक आखीव नगर आहे. पूर्वी तेथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ साली हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून ती दलदल भरण्याचे काम सुरू झाले. आज तेथे रुंद रस्ते, उद्याने आणि अनेक सरकारी कचेऱ्या आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची पूर्व भारतासाठी असलेली कचेरीही याच नगरात आहे. सिमेंटच्या इमारतींत बसून खेड्यापाड्यांतील गोठ्यांचा विचार व्हावा याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु कोलकाता आणि गाय यांचे नाते फार जुने आहे, आणि ते सर्वस्वी सुखाचे नाही.

कोलकात्यात शहरी गोठ्याला ‘खाटाल’ म्हणतात. रेल्वे आणि शीतगृहे यांची सोय नव्हती, त्या काळी शहराला लागणारे ताजे दूध अशा खाटालांतूनच येई. जागा अपुरी, चारा विकतचा आणि दुधाला भाव मोठा. त्यामुळे वासराला पाजलेले दूध म्हणजे तोटा, असा हिशेब मांडला जाई. वासरे उपासमारीने मरत. वासरू समोर नसले की गाय पान्हा सोडत नाही. मग नळीने तिच्या जननमार्गात हवा फुंकून दूध बळाने उतरवण्याची क्रूर रीत तेथे रूढ झाली. तिला ‘फुका’ म्हणत. ही रीत इतकी पसरली होती, की १८९० च्या प्राण्यांवरील क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर राहत असताना महात्मा गांधींच्या वाचनात कोलकात्याहून आलेले काही साहित्य आले. गाई-म्हशींच्या या छळाची हकिकत त्यात होती. १९१२ साली त्यांनी दूध सोडले, त्यामागे जी कारणे होती त्यांपैकी हे एक होते.

आज ‘फुका’ हा शब्द बहुतेकांना ठाऊक नाही. मात्र १९६० च्या कायद्यातील बारावे कलम अजूनही त्याचे नाव घेते, आणि १९८२ सालच्या दुरुस्तीपासून दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक ठरेल असे कोणतेही द्रव्य टोचणे हाही त्या कलमाखाली गुन्हा आहे. पान्ह्यासाठी रोज सुई टोचणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

गाईला इजा करण्याचा हेतू मनात धरून झालेली ही कृत्ये आपल्याला सहज ओळखता येतात. परंतु जो हात गाईला प्रेमाने थोपटतो, त्याच हाताने अजाणता तिच्या कासेत रोग पोहोचवला तर? प्रस्तुत पाठाचा विषय हा आहे.

कासेची रचना

गाईची कास बाहेरून एकच पिशवी दिसते. आतून तिचे चार स्वतंत्र भाग असतात. एका भागातील दूध दुसऱ्या भागात जात नाही. प्रत्येक भागाला एक सड. मागील दोन भाग आकाराने मोठे असतात आणि एकूण दुधापैकी सुमारे साठ टक्के दूध त्यांतून मिळते. एक लीटर दूध तयार होण्यासाठी सुमारे चारशे ते पाचशे लीटर रक्त कासेतून फिरावे लागते, यावरून या अवयवाच्या श्रमाची कल्पना यावी.

सडाच्या टोकाशी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची नलिका असते. तिच्याभोवती स्नायूंचे एक वलय असते आणि ते एरवी घट्ट मिटलेले असते. बाहेरच्या शेणामातीत असंख्य जंतू असूनही कासेत सहसा शिरत नाहीत, ते या इवल्याशा दरवाजामुळे. धार काढताना हा दरवाजा उघडतो. धार संपली म्हणजे तो लगेच बंद होत नाही; पुरता मिटायला अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. दूध काढून चरवी उचलली आणि गाय तिथेच शेणात बसली, तर काय घडेल हे वेगळे सांगावयास नको.

कासदाह

जंतू आत शिरले, वाढले आणि कासेला सूज आली की त्या विकाराला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक गावांत त्याला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी कठीण होते. कास तापते, दुखते, हात लावू देत नाही. दुधात गुठळ्या येतात, कधी ते पाण्यासारखे पातळ किंवा रक्ताळलेले असते. असा रोग कोणालाही दिसतो आणि माणूस पशुवैद्यकाकडे धावतो.

रोगाचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्याला सुप्त कासदाह म्हणतात. कास मऊ, दूध पांढरे, गाय नेहमीसारखी खाणारी. केवळ दूध थोडे कमी झालेले असते आणि घरचे लोक त्याचा दोष चाऱ्याला, हवेला किंवा कोणाच्या दृष्टीला देतात. प्रत्यक्षात आत जंतू आणि शरीराच्या संरक्षक पेशी यांची झुंज चाललेली असते. निरोगी गाईच्या एक मिलिलीटर दुधात या पेशी साधारणपणे एक लाखाहून कमी असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की संसर्गाची शंका घ्यावी लागते. अशा दुधातील केसीन आणि दुग्धशर्करा घटते, क्षार वाढतात, चव किंचित खारट लागते. तापवताना दूध नासते, आणि डेअरीत त्याचा दर उतरतो.

दोन गाईंच्या दुधावर ज्या घराचा किराणा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो, त्या घरी हा तोटा दिवसेंदिवस झिरपत राहतो. दुर्लक्ष झाले तर दूध तयार करणाऱ्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढतात आणि तो सड कायमचा निकामी होतो. तीन सडांची गाय बाजारात निम्म्या किमतीलाही सहसा कोणी घेत नाही.

संकरित गाईंना हा धोका विशेष. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ‘बायफ’ संस्थेची स्थापना केली. तिच्यासारख्या संस्थांच्या प्रयत्नांमुळे महाराष्ट्राच्या खेड्यांत संकरित गाई पोहोचल्या आणि दहा-पंधरा लीटर दूध हे सामान्य शेतकऱ्याच्याही आवाक्यात आले. पण जास्त दूध म्हणजे मोठी, खाली झुकलेली कास आणि तिच्यावर जास्त ताण. जुन्या गावठी गाईला जी हेळसांड सोसली, ती या गाईला सोसत नाही.

रोग पसरतो कसा

जंतू मुख्यतः दोन वाटांनी येतात. काही जंतू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस ऑरियस, आजारी गाईच्या कासेतच राहतात. ते धार काढताना हाताला, फडक्याला किंवा यंत्राच्या नळीला चिकटून पुढच्या गाईकडे जातात. ई. कोलाय यांसारखे दुसरे जंतू शेण, चिखल आणि ओल्या गव्हाणीभोवतीच्या घाणीत असतात. पहिल्यांना धार काढणारा माणूस वाहून नेतो, दुसऱ्यांना गोठा. पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारचा कासदाह वाढतो, तो यामुळेच.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधील रेडिंग येथील दुग्धसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, गाय आटवताना औषधोपचार, आजारी गाईवर वेळीच इलाज, वारंवार आजारी पडणारी जनावरे वेगळी काढणे आणि यंत्र सुस्थितीत राखणे अशी पाच सूत्रे त्यांनी सांगितली. जगभरच्या दुग्धव्यवसायाने ती स्वीकारली. यांपैकी पहिले सूत्र सर्वांत स्वस्त आहे आणि आपल्याकडे तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

धार काढण्याची रीत

ज्याला धार काढायची आहे त्याने प्रथम आपली नखे पाहावीत. वाढलेल्या नखांनी सडाला बारीक जखमा होतात, आणि जखम म्हणजे जंतूंसाठी उघडी वाट. साबणाने हात स्वच्छ धुऊन मग गाईजवळ जावे. गोठ्यात एकाहून अधिक गाई असल्यास क्रमही ठरलेला असावा. आधी पहिलारू, मग निरोगी गाई, आणि ज्यांच्या कासेची शंका आहे त्या सर्वांत शेवटी. पुष्कळ घरी नेमके उलटे घडते. आजारी गाय उठवून उभी करायला वेळ लागतो म्हणून ‘आधी तिचे उरकू’ असे म्हटले जाते, आणि तिच्या दुधाने भिजलेला हात सगळ्या गोठ्यात फिरतो.

सड कोमट पाण्याने धुवावेत. त्यात पोटॅशियम परमँगनेट टाकल्यास पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकेच टाकावे. संपूर्ण कास भिजवू नये, कारण वरचे घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशी येते. धुतल्यावर सड कोरडे पुसणे अत्यंत आवश्यक आहे, आणि प्रत्येक गाईसाठी फडके वेगळे हवे. एकाच फडक्याने चार गाई पुसणे म्हणजे एकीचा रोग चौघींना वाटून देणे होय.

धुण्यापुसण्याच्या या स्पर्शाने आणखी एक काम होते. गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते, सुमारे मिनिटभरात ते कासेपर्यंत पोहोचते आणि पान्हा फुटतो. त्याचा प्रभाव पाच ते सात मिनिटे टिकतो. तेवढ्यात धार पूर्ण व्हावयास हवी. गाय घाबरली, तिला मारले किंवा कुत्रे अंगावर आले, तर भीतीचे संप्रेरक या क्रियेला अडवते. ‘गाय पान्हा चोरते’ असे आपण म्हणतो. खरे तर तिचे शरीरच त्या क्षणी दूध सोडू शकत नाही. उरलेले दूध कासेत राहते आणि जंतूंना आयते खाद्य मिळते. कोलकात्याच्या खाटालांत ‘फुका’ने जे साधले जाई, ते सौम्य हातांनी, ठरलेल्या वेळी आणि शांत गोठ्यात आपोआप साधते.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा चरवीत घेऊ नयेत. काळे कापड ताणून बांधलेल्या वाटीत त्या घ्याव्यात. गुठळ्या असल्यास काळ्यावर चटकन दिसतात. त्या धारा जमिनीवर मात्र सोडू नयेत, कारण तेथेच गाय बसणार आहे. पुढे धार पूर्ण मुठीने काढावी. अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबण्याची सवय अनेकांना असते. तिने सडाच्या आतील नाजूक अस्तर दुखावते. बोटे ओली करण्यासाठी चरवीतल्या दुधात बुडवणे ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला तसे न करण्याविषयी सांगणे अवघड जाते, तरी सांगितले पाहिजे.

धार संपताच प्रत्येक सड अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवावा. द्रावणात थोडे ग्लिसरीन असल्यास सडांना भेगा पडत नाहीत. द्रावणासाठी लहानसा पेला पुरतो, आणि त्यात माती पडली की ते ओतून टाकून नवे घ्यावे. हे काम एका गाईमागे मिनिटभराचेही नाही, पण त्याने नव्या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणता येते. त्यानंतर गाईपुढे हिरवा चारा टाकावा. चारा खात ती अर्धा-पाऊण तास उभी राहते आणि तेवढ्या वेळात सडाचा दरवाजा मिटतो.

सुप्त रोगाची ओळख

१९५७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात एक साधी चाचणी तयार झाली. चार कप्प्यांच्या तबकडीत चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन त्यात समप्रमाणात द्रावण मिसळतात आणि तबकडी गोल फिरवतात. दूध पातळच राहिले तर सड निरोगी. लापशीसारखे दाट झाले तर संसर्ग. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाह नियंत्रणासाठी हाती घेतलेल्या कार्यक्रमात हीच चाचणी गावपातळीवर वापरली. पाकिस्तानातील फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी तर कपडे धुण्याच्या पावडरीवरच काम भागवले. अर्धा लीटर पाण्यात सुमारे पंधरा ग्रॅम पावडर विरघळवून ते पाणी तितक्याच दुधात मिसळले तरी असाच दाटपणा दिसतो. तपासलेले दूध अर्थातच फेकून द्यावयाचे.

रोग आढळल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच प्रतिजैविके द्यावीत आणि ठरलेला क्रम मध्येच सोडू नये. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वर्ज्य सांगितले असेल, तितके दिवस ते विकू नये व घरीही वापरू नये. येथे मन कच्चे होते. चार दिवसांचे दूध ओतून देणे गरीब घराला जड जाते. पण तेच दूध दुसऱ्याच्या लेकराच्या पेल्यात जाते, आणि त्यातील औषधाच्या अंशामुळे दही व चीज यांचे विरजणही बिघडते. सौम्य विकारात दुग्धविकास मंडळ एक घरगुती लेपही सुचवते. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून तो धुतलेल्या कासेला दिवसातून अनेकदा लावतात. गाईला ताप असेल किंवा ती खात नसेल, तर मात्र लेपावर विसंबून राहू नये.

विण्यापूर्वी सुमारे दोन महिने गाय आटवतात. शेवटच्या धारेनंतर प्रत्येक सडात दीर्घकाळ टिकणारे औषध सोडण्याची पद्धत याच काळासाठी आहे. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात बांधण्याचा प्रघात आहे. पुढील वेतातील पुष्कळसे कासदाह त्याच कोपऱ्यात सुरू होतात.

स्वाध्याय

१. गाय ‘पान्हा चोरते’ असे का म्हटले जाते? त्यामागील शास्त्रीय कारण आपल्या शब्दांत लिहा.

२. धार संपल्यावर गाईला काही वेळ उभे ठेवणे का आवश्यक असते?

३. प्रकट आणि सुप्त कासदाह यांतील फरक स्पष्ट करा. सुप्त कासदाह अधिक हानिकारक का ठरतो?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पान्हा, पहिलारू, भाकड, वेत, चरवी.

५. आपल्या परिसरातील एखाद्या गोठ्यात सकाळची धार पाहा. तेथे कोणत्या क्रमाने कामे होतात, ते दहा ओळींत लिहा.