'डायएथिलकार्बामाझिन' या नावातील लुप्त पिंपळी

कुंभकोणम् हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले नगर. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे मराठी बोलणारी घराणी या मुलखात स्थिरावली. हत्तीरोगासाठीही हे नगर दीर्घकाळ ओळखले गेले. तमिळमध्ये या रोगाला 'यानैक्काल्', म्हणजे हत्तीचा पाय, म्हणतात. मराठीतली प्रतिमाही तीच. संस्कृत 'श्लीपद' मात्र वैद्यपरंपरेने 'शिले'शी जोडले आहे. जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत हा रोग बळावतो, अशी नोंद सुश्रुतसंहितेत आहे.

या रोगावरील डायएथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून पुढे आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. नावातील 'डाय' म्हणजे ग्रीकमधील 'दोन'. 'कार्ब'मध्ये लॅटिन कोळसा आहे. 'अझ' हा अंश लाव्हाझिएच्या काळातील नायट्रोजनच्या 'अझोट' या नावाचा. त्याचा ग्रीक अर्थ निर्जीव, कारण त्या वायूत प्राणी जगत नाही. प्राणरक्षक औषधाच्या नावात हा शब्द यावा, हे गमतीचेच.

खरे कुतूहल आहे ते नावातून गळलेल्या अंशाचे. या द्रव्याच्या रेणूचा गाभा 'पायपरेझिन' हा आहे. ते नाव 'पायपरिडिन'वरून आले, आणि पायपरिडिन हे १८१९ साली अर्स्टेड याने मिऱ्यांतून वेगळ्या केलेल्या 'पायपरिन'वरून. त्यामागे लॅटिन 'पायपर', ग्रीक 'पेपेरी' आणि अखेर संस्कृत 'पिप्पली'. मराठी 'पिंपळी' आणि तमिळ 'तिप्पिली' याच कुळातल्या. या प्रवासात अर्थही सरकला : पिंपळीचे नाव पश्चिमेत मिऱ्यालाही लागले. पुढे औषधाच्या रूढ नावात 'अझिन' तेवढे उरले, 'पायपर' गेले.

ही साखळी सांगताच येथील एक वृद्ध मराठी गृहस्थ प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हणजे औषध आपलेच की हो!" मला नाही म्हणावे लागले. या गोळीत पिंपळीचा कणही नाही. पायपरेझिन प्रयोगशाळेत घडवतात. शब्दाची व्युत्पत्ती हा गुणधर्माचा पुरावा नव्हे. अभिमानच बाळगायचा तर साचलेल्या पाण्याविषयीच्या सुश्रुतातील त्या निरीक्षणाचा बाळगावा. डासाचा संबंध मॅन्सनने दाखवला तो १८७७ साली.

गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजलेला होता. गोळी रक्तातील सूक्ष्म कृमी मारते, वाढलेला पाय पूर्ववत करीत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. "नातवंडांना मात्र मी समोर बसवून गोळ्या घ्यायला लावतो," एवढेच ते म्हणाले.